जुन्यातली मूठ

१८ फेब्रुवारी १९८८

पोचलो एकदाचा. संगमनेरहून मनमाडपर्यंत एस.टी., तिथून पुढे रात्रभर गाडी, आणि गाडीत एका अनोळखी आजोबांचं डोकं माझ्या खांद्यावर. नागपूर आलं तेव्हा त्यांनीच मला उठवलं, आणि वर, तुम्ही फार घोरता, असंही सांगितलं.

सायकलरिक्षाने महाल नावाच्या जुन्या भागात आलो. इथल्या गल्ल्या अशा, की समोरून दुसरी रिक्षा आली तर दोघांपैकी एकाला समजूतदार व्हावंच लागतं. माझे मालक चंपतराव, त्यांचं घर मात्र नवं, मोझेकच्या फरशीचं. खाली बियाण्यांचं गोदाम, मधल्या मजल्यावर ऑफिस, वर त्यांचं बिऱ्हाड आणि गच्चीवरची एकुलती खोली माझी. गोदामात बियाण्याला चोळायच्या औषधाचा गुलाबी भुगा सगळीकडे बसलेला असतो. पहिल्याच फेरीत माझी पांढरी विजार रंगपंचमी खेळून आली.

चंपतराव मूळचे कुहीकडचे शेतकरी. आता कापूस, ज्वारी, तूर यांचं सुधारित बियाणं तयार करून विकतात. कोणत्या शेतात कोणतं वाण घेतलं, कोणत्या पोत्यातलं बी किती उगवलं, हे सगळं कॉम्प्युटरात ठेवलेलं आहे, आणि तो सांभाळायला मी. कॉम्प्युटर आणला त्यांच्या मुलाने, चंद्रभानने. गेल्या मे महिन्यात तो भर दुपारी शेतावरून स्कूटरने आला, ऊन लागलं, आणि दुसऱ्या दिवशी गेला. लग्न व्हायचं होतं. यंत्रावरची चादर काढता काढता चंपतरावांनी हे सांगितलं. यंत्र किती छान राखलंय, असं काहीतरी मी बोलून गेलो.

जेवायला प्रयागबाईंनी, म्हणजे चंद्रभानच्या आईने, वाढलं. काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. त्या म्हणाल्या, हळू खा, बापू, आमचा भानू तर वरून आणखी तिखट घ्यायचा. मला तर हुलग्याच्या शेंगोळ्यांची आठवण आली. आईच्या हातची, आणि आई गेल्यापासून बायकोच्या, ताराच्या हातची.

ही वही ताराने दिली. तुम्ही बोलता फार, तिथे ऐकायला कोण असणार, वहीशी बोला, असं म्हणाली. आठवा महिना लागलाय तिला. निघताना संगमनेरच्या बाजारातून तिला लाल चपला घेऊन दिल्या. आता या पायांत त्या मावतात का, म्हणून हसली. बाळंतपण होईपर्यंत ती माहेरी, नोकरी पक्की झाली की इकडे.

बाळाचं नाव मी ठरवलं आहे. मुलगाच होणार ही माझी खात्री. ते नाव ताराला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही. माझ्या आधीच्या भावाचं नाव आईने तो पोटात असतानाच सगळ्यांना सांगितलं आणि तो जगला नाही. बारशाआधी नाव तोंडातून किंवा लेखणीतून काढायचं नाही, ही तिची सक्त ताकीद. आई गेली, बाबा त्याआधी. ताकीद तेवढी उरली आहे, ती मी पाळणार.

२७ फेब्रुवारी

यंत्राची तब्येत पाहिली. बाकी सगळं ठणठणीत, पण आतली हार्ड डिस्क म्हातारी झाली आहे. कॉम्प्युटरची सगळी आठवण या डिस्कमध्ये असते. चालू केली की जात्यात खडा आल्यासारखी कुरकुरते. एखादी फाइल मागावी तर देते, दुसरी मागावी तर, सोडून देऊ, पुन्हा बघू की दुर्लक्ष करू, असं मलाच विचारते. नागपूरच्या उन्हाळ्यात ही टिकणार नाही. नवी डिस्क मागवू, तिच्यावर सगळी यंत्रणा पहिल्यापासून चढवू, आणि जुनीतलं वाचता येईल तेवढं तिच्यावर आणू, असं मी चंपतरावांना सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. मृगाच्या आत पोत्यांना चिठ्ठ्या लागल्या पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

प्रयागबाई दारात उभ्या होत्या. जुनीचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही काकू, ती कामातून गेली. त्या वर निघून गेल्या. मला वाटतं, मी जरा जपून बोलायला हवं होतं.

१६ मार्च

आज डिस्क बदलली. मुंबईहून पार्सल परवाच आलं, पण प्रयागबाईंना मुहूर्त म्हणून आजचाच दिवस हवा होता. मी स्क्रू काढले, जुनी बाहेर काढली, नवी बसवली, केबली जोडल्या. फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं आणि नव्या डिस्कला फॉरमॅट दिला. फॉरमॅट म्हणजे जमीन नांगरून सपाट करणं. आधीचं काही असलं तरी पुसून जातं. मग यंत्रणा चढवली. काळ्या पडद्यावर हिरवा सी, म्हणजे यंत्र तयार असल्याची खूण, उमटला तेव्हा, खरं सांगतो, आपण कोणीतरी आहोत असं मला वाटलं.

प्रयागबाई ताम्हण घेऊन आल्या. हळद, कुंकू, नारळ. पूड आत गेली तर नव्या डिस्कची वाट लागेल, म्हणून मी बाहेरचं कव्हर पुढे केलं. त्यांनी विचारलं, पुरी कोरी आहे का? मी म्हटलं, एकदम कोरी. मग त्याच बोटाने त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझे आईवडील आहेत का ते विचारलं. नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, मंग तुम्ही बी मोकळेच.

पुढे त्यांनी जे मागितलं ते मला आवडलं. त्यांच्या घरची रीत अशी, की नवं बियाणं पेरताना जुन्यातलं मूठभर त्यात मिसळायचं. नाहीतर जमीन नव्याला ओळखत नाही, असं त्या म्हणाल्या. तसं जुन्या डिस्कमधलं भानूचं काहीतरी नवीत जाऊ द्या. जुनीवर 'भानू' नावाची एक छोटी फाइल होती खरी, पण ती नेमकी खराब जागी होती, म्हणून मी ती सोडून दिली होती. आता त्यांच्यासाठी जुनी पुन्हा जोडून तिच्या मागे लागलो. डिस्क नाही म्हणायची, मी पुन्हा म्हणायचो, ती पुन्हा नाही. सगळी दुपार यात गेली. त्या शेजारी पाटावर बसून तूर निवडत होत्या. शेवटी एकदम, न कुरकुरता, फाइल आली. आलं का, म्हणून त्यांनी विचारलं. आलं म्हटल्यावर त्या पदर तोंडाला लावून रडल्या. माझेही डोळे भरून आले. जुनी डिस्क त्यांनी लाल फडक्यात बांधली आणि वरच्या ज्वारीच्या कोठीत ठेवली.

फाइल उघडून पाहिली. काही नाही, नुसती चिन्हं, कचरा.

२४ मार्च

काम सुरळीत. नवी डिस्क इतकी गुपचूप चालते की चालू आहे की नाही ते दिव्याकडे पाहून कळतं. खिडकीला कूलर लागला, वाळ्याचा वास येतो. जेवणही आता अंगी लागू लागलं आहे. आज भाजी जरा मिळमिळीत वाटली आणि मी तिखट मागून घेतलं. प्रयागबाई खूश झाल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की माझ्या भाकरीच्या पिठात त्या रोज मूठभर ज्वारी वेगळी घालतात. भानूने शेवटची काढलेली, कोठीत राखून ठेवलेली. त्याचं खाणारं कोणी राहिलं नाही, तुम्ही खाऊन राहिले तर जिवाले बरं वाटते, असं म्हणाल्या. आता याला नाही कसं म्हणायचं? चंपतरावांनी मात्र ताटावरून मान वर केली नाही.

४ एप्रिल

ताराचं पत्र आलं. सगळं ठीक. मागच्या पत्रात मी 'तुले बरं वाटते का' असं लिहिलं म्हणे. तिने त्या 'तुले'खाली दोन रेघा मारल्या आहेत आणि नागपूरने आमचा माणूस दीड महिन्यात बाटवला, असं लिहिलंय. मी पुष्कळ हसलो. तसं लिहिल्याचं आठवत मात्र नाही. पुढे लिहिते, आले की शेंगोळी करीन.

शेंगोळी म्हणजे काय, ते पाच मिनिटं आठवेना. मग या वहीचं पहिलं पान उघडून पाहिलं. खाण्याचा पदार्थ आहे.

भानूची फाइल वाढली आहे. चार ओळींची होती, आता पोत्यांच्या नोंदींपेक्षा मोठी. डिस्कवर जागा चुकीची लागली असेल. नव्या डिस्कचं असं होतं कधीकधी.

११ एप्रिल

आज एक विचित्र गोष्ट झाली. शेतावर जायचं होतं, चंपतरावांचा माणूस आला नव्हता. मी खाली उतरलो, भानूच्या स्कूटरवरची धूळ फडक्याने झाडली, किक मारली आणि गेलो. उमरेड रस्ता, पुढे डावीकडे कच्च्या वाटेला वळायचं, विहिरीजवळ गाडी सावलीत लावायची. तिथल्या गड्याला, नत्थूजीला, मी कापसाच्या ओळींबद्दल विचारलं आणि परत आलो. जिन्यात चंपतराव उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. त्यांनी विचारलं, मधुभाऊ, तुम्हाले स्कूटर कधीपासून येते?

येत नाही. मी आयुष्यात स्कूटर चालवलेली नाही. सायकलसुद्धा मला ताराच्या भावाने शिकवली.

शेताची वाटही मला कोणी दाखवली नव्हती.

१५ एप्रिल

फाइल पुसली. सकाळी पुन्हा होती, आणखी मोठी. पुन्हा पुसली. दुपारी पुन्हा होती. डिस्क तपासून पाहिली, दोष एकही नाही.

जेवताना तोंडातून गेलं, माय, वाढ. प्रयागबाईंच्या हातातली पळी थांबली. मला लाज वाटली, मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, काहून माफी मागते गा. आणि वाढलं.

माझ्या स्वतःच्या आईचा चेहरा आठवायला बसलो. लुगडं आठवतं. चेहऱ्याच्या जागी काही नाही.

आजपासून भाकरी खाणार नाही.

१९ एप्रिल

चार दिवस बाहेर तर्रीपोहे खाऊन राहिलो. उपयोग नाही. जे गेलं ते जातच आहे. आमच्या घराला दार कोणत्या दिशेला होतं? नदीचं नाव काय? रोज सकाळी उठून ही वही वाचतो आणि मग मला कळतं, की मला बायको आहे.

फाइल आता निम्म्या डिस्कवर आहे.

२१ एप्रिल

निघालो होतो. ट्रंक न घेता, अंगावरच्या कपड्यांनिशी. स्टेशनवर रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. खिडकीतल्या बाबूने विचारलं, कहाँ का देऊ? मी तोंड उघडलं. काही आलं नाही. तो म्हणाला, भाऊ, बोला ना, मागं लोक हायेत. मला माहीत होतं, की मला कुठेतरी जायचं आहे, तिथे कोणीतरी आहे, तिचे दिवस भरत आले आहेत. गावाचं नाव गेलं होतं, आणि वही खोलीवरच राहिली होती. मागच्या माणसाने मला हळूच बाजूला केलं.

परत येताना बर्डीच्या बाजारात रडलो. रिक्षावाल्याने पाणी दिलं. त्याला महाल म्हणून सांगायला मात्र मला काही अडचण आली नाही.

२८ एप्रिल

तार आली. मुलगा झाला. दोघेही सुखरूप.

तारेवर गावाचं नाव आहे. संगमनेर. वहीत वाचलेलं तासाभरात जातं, म्हणून ते तळहातावर शाईने लिहून ठेवलं आहे. चंपतरावांनी खांद्यावर हात ठेवला आणि प्रयागबाई खाली येण्याआधी घाईने म्हणाले, उद्याच चालले जा गा. मागं फिरून पाहू नका. याआधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, भानूच्या मायले काय सांगू? ती जेवते तरी आता.

बाळाचं नाव. मी ठरवलेलं. ताराने तारेत विचारलंय, बारशाला नाव काय.

नाव आठवत नाही.

२९ एप्रिल

सबंध सकाळ शोधलं. वहीत नाही. मीच लिहिलंय, इथे लिहीत नाही.

मग फाइल उघडली. इतके दिवस कचरा दिसायचा. आज अक्षरं होती. इंग्रजी लिपीत, पण शब्द मराठी, भराभर वर सरकत होते. लाल चपला. प्रवरेचा पूल. शेंगोळी. आईचं निळं लुगडं. ताराच्या भुवईवरचा वण. सगळं माझं. माझ्यातून गेलेलं सगळं तिथे. आणि अगदी शेवटी ते नाव. मी कोणालाही न सांगितलेलं. पाहताच ओळखलं, हेच ते.

आता नाव माझ्या डोक्यात परत आहे. मनात घोकतोय. अजूनही इथे लिहीत नाही. एवढं सगळं झालं तरी बारशापर्यंत नाही. माझ्या भावाचं झालं ते याचं व्हायला नको.

पण नाव त्याच्याकडेही आहे. त्या भानूकडे. माझं सगळं घेतलं, आता माझ्या पोराचंही घेतलं. ते मी त्याच्याजवळ ठेवून जाणार नाही. बियाण्यांची माहिती फ्लॉपींवर काढून घेतली. ती एक फाइल सोडून. उद्या सकाळी डिस्क पुसून पुन्हा कोरी करतो, यंत्रणा नव्याने चढवतो आणि दुपारच्या गाडीने निघतो.

३० एप्रिल

सुरू केलं. यंत्र विचारतं, सगळं जाईल, पुढे जायचं का. हो म्हटलं. आकडा चढतो आहे. मी समोरच बसून लिहितोय, म्हणजे मध्ये कोणी बंद करू नये.

प्रयागबाई दारात आहेत. अडवत नाहीत. नुसत्या बघत आहेत. मला वाटलं होतं, धावून येतील.

का अडवत नाहीत?

नाव घोकतोय. दोन अक्षरी. पहिलं अक्षर —

थांब. त्या फाइलीत भानूचं काय होतं? मी पाहिलं ते सगळं माझं होतं. त्याचं एकही नव्हतं. त्याचं तिथे नाही, तर मग तो कुठे —

तो इथे आहे. माझ्यात. आणि मी तिथे. आणि मी ते पुसून —

बटणं दाबतोय, थांबत नाही. स्विच बंद केला. आकडा गेला, पडदा काळा. पुन्हा लावला. डिस्क वाचत नाही. काही नाही तिच्यावर. कोरी आहे.

नाव. पहिलं अक्षर. पहिलं

हातावर काहीतरी लिहिलेलं आहे. घामाने पुसलं गेलं. काय होतं

ताराचे डोळे कसे

ता

३ मे

आज फार हलकं वाटून राहिलं. काल यंत्रणा चढवली, मशीन मस्त चालून राहिली. पोत्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. मायनं वांग्याची भाजी केली. ऊन फार आहे, माय म्हणते, दुपारी शेतावर जाचं नाही, पुन्हा नाही जाचं. मी म्हटलं, बरं.

बाबूजी माझ्याशी बोलत नाहीत.

१९ मे

गच्चीवरच्या खोलीत ही वही सापडली. अन् एक ट्रंक. ट्रंकेत कोणा ताराची पत्रं. अक्षर गोल आहे. वाचली. चांगली बाई असंल. तिच्या माणसाची वाट पाहून राहिली.

वहीतलं अक्षर माझंच आहे, पण लिहिल्याचं आठवत नाही.

मायले विचारलं. ती म्हणे, जुनं काही वाचत नको बसू.

२ जून

रोज वाचतो. रोज विसरतो. उरते एकच — छातीत काहीतरी, जसं काही गॅसवर ठेवून आलो अन् घर सोडलं. पण काय ठेवलं ते —

१२ जून

खाली एक बाई आली. कडेवर बाळ. सोबत म्हातारा बाप.

मायनं दारातच सांगितलं, मधुसूदन इथं कोणी राहत नाही, हा माझा पोरगा आहे. बाईनं मले पाहिलं. पायात लाल चपला, घासलेल्या. भुवईवर वण.

मंग ती मलेच म्हणाली, बारसं ठेवलं नाही तुमच्यावाचून. पोराला अजून नाव नाही. नाव तुम्ही ठरवलं होतं, मलाही सांगितलं नव्हतं. तेवढं सांगा. दुसरं काही मागत नाही. नाव सांगितलं की मी समजेन, तुम्ही आहात आत कुठेतरी.

मी वही घ्याले वर आलो. यात असंल. सगळी पानं पाहिली, पुन्हा पाहिली. पहिल्या पानावर आहे — नाव ठरवलं आहे, इथेही लिहीत नाही. हा माणूस किती बोलते. चपला लिहिते, वांगी लिहिते, विजार लिहिते. तेवढंच लिहीत नाही.

खालून कोठीचं झाकण वाजलं. जिन्यातून वाकून पाहिलं, माय त्या बाईची ओटी भरून राहिली. तांदूळ नाही, गहू नाही. ज्वारी. कोठीतली. मूठभर.

बाबूजी ओरडले. मायनं ऐकलं नाही.

तोंडात एक नाव येऊन राहिलं, माय मले ज्या नावानं हाक मारते ते. एकच आहे. दुसरं येत नाही. ते या पोराचं नाही. मले काही आठवत नाही, पण हे पक्कं माहीत आहे. ते त्याच्या कानात जाऊ द्याचं नाही.

बाई जिना चढून आली. दारात उभी आहे. बाळ जागं आहे, माझ्याकडे पाहून राहिलं. ती म्हणते, सापडलं का. सांगा ना.

तोंड डाव्या हातानं दाबून धरलं. उघडलं तर ते नाव निघंल. म्हणून इथं लिहितो, तिले वाचाले देतो —

बाई, ओटीतलं सगळं खाली टाका. त्याचे कान झाका अन् इथून जा. मागं फिरून पाहू नका. माय आली. माझा हात धरला. तोंडावरून काढते आहे. ताकद फार आहे तिच्यात. बाई, कान झाका त्याचे, झाका, मी आता